तौलनिक लोकशाहीच्या निबंधासाठी देश कसा निवडावा : सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

राज्यशास्त्राच्या वर्गात तौलनिक निबंधाचा विषय ठरवण्याची वेळ आली, की बहुतेक विद्यार्थी आधी देश ठरवतात आणि प्रश्नाचा विचार नंतर करतात. तो देश बहुधा अमेरिका किंवा ब्रिटन असतो. त्याचे कारणही उघड आहे : क्रमिक पुस्तकांत याच दोन देशांना सर्वांत जास्त पाने दिलेली असतात आणि तयार टिपणेही त्यांचीच मिळतात. मग निबंधाचे रूपही ठरल्यासारखेच होते. एका रकान्यात आपली संसद, दुसऱ्यात अमेरिकेची काँग्रेस, एका बाजूला पंतप्रधान, दुसऱ्या बाजूला राष्ट्राध्यक्ष, आणि शेवटी साम्य-भेदांचा तक्ता. यात दोन वर्णने शेजारी शेजारी ठेवलेली असतात, तुलना झालेली नसते. तुलना एखाद्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी करायची असते आणि प्रश्नच हाती नसेल, तर कोणता देश योग्य आणि कोणता अयोग्य, हे ठरवायला कोणतीही कसोटी उरत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील विद्यार्थ्याला प्रश्नाच्या शोधात लांब जावे लागत नाही. राज्य पुनर्रचना कायदा १ नोव्हेंबर १९५६ रोजी अमलात आला आणि तोवर मुंबई राज्यात असलेला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. या सीमावादाचा निवाडा सुचवण्यासाठी महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला, त्याचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्राने तो अमान्य केला आणि २००४ मध्ये संविधानाच्या अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हा घटनाक्रम येथे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. मात्र ‘सीमाप्रश्न’ हा जसाच्या तसा निबंधाचा प्रश्न होऊ शकत नाही, कारण त्यात अनेक प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि त्यांतील प्रत्येकासाठी तुलनेचा देश वेगळा निघतो. राज्याची हद्द बदलण्याचा अधिकार कोणाचा आणि त्याआधी कोणाला विचारणे बंधनकारक आहे, हा एक प्रश्न. परिपत्रके, उतारे आणि सूचना अल्पसंख्याकांच्या भाषेत कोणत्या प्रमाणापासून मिळाव्यात, हा दुसरा. शाळेचे माध्यम ठरवण्याचा हक्क पालकांचा की शासनाचा, हा तिसरा. निवडणूक पद्धतीमुळे लहान भाषिक पक्ष टिकतो की विरतो, हा आणखी एक. यांतील एकच निवडावा आणि तो एका प्रश्नार्थक वाक्यात लिहून काढावा. ते वाक्य जोवर लिहिता येत नाही, तोवर देशाचे नावही घेऊ नये.

हद्द बदलताना कोणाला विचारायचे?

समजा, पहिला प्रश्न निवडला. भारतातील स्थिती स्पष्ट आहे. अनुच्छेद ३ नुसार राज्याची हद्द बदलणारे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीने मांडले जाते आणि संबंधित राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवले जाते, पण ते मत संसदेवर बंधनकारक नसते. १९५६ च्या पुनर्रचनेतूनच यासंबंधीचा महत्त्वाचा निकाल निर्माण झाला. मूळ प्रस्तावात मुंबई राज्याचे तीन भाग करायचे होते, पण संसदेने ऐनवेळी संयुक्त द्विभाषिक मुंबई राज्य केले आणि या बदललेल्या प्रस्तावावर मुंबई विधानसभेचे मत घेतलेच नाही, अशी तक्रार न्यायालयात गेली. बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये ठरवले, की प्रस्तावात दुरुस्ती झाली म्हणून विधिमंडळाला पुन्हा विचारण्याची गरज नाही. बेळगाव ज्या कायद्याने म्हैसूरमध्ये गेला, त्याच कायद्यावरचा हा निकाल आहे. सीमाभागातील किती निबंधांत त्याचा उल्लेख येतो, हे पाहिले तर निराशाच होते.

या निकालाशेजारी ठेवण्याजोगा देश म्हणजे दक्षिण आफ्रिका. तेथे २००५ मध्ये बाराव्या घटनादुरुस्तीने काही प्रांतांच्या हद्दी बदलल्या. मटाटिएले हे गाव क्वाझुलू-नाताल प्रांतातून ईस्टर्न केप प्रांतात टाकले गेले. तेथील संविधानाच्या कलम ७४(८) नुसार एखाद्या प्रांताची हद्द बदलणाऱ्या घटनादुरुस्तीला त्या प्रांताच्या विधिमंडळाची मंजुरी लागते आणि कलम ११८ नुसार प्रांतिक विधिमंडळाने आपल्या कामकाजात लोकांना सहभागी करून घेणे आवश्यक असते. मंजुरी होती, पण क्वाझुलू-नातालच्या विधिमंडळाने लोकांची सुनावणीच घेतली नव्हती. घटना न्यायालयाने ऑगस्ट २००६ मध्ये दुरुस्तीचा तेवढा भाग अवैध ठरवला आणि दोष दूर करण्यासाठी १८ महिन्यांची मुदत दिली.

येथपर्यंत वाचून ‘तेथे लोकांचे ऐकतात, येथे ऐकत नाहीत’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि हाच मोह निबंध बिघडवतो. पुढे काय झाले, तेही पाहायला हवे. सुनावण्या झाल्या, २००७ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती आली आणि मटाटिएले पुन्हा ईस्टर्न केपमध्येच राहिले. याउलट त्याच बाराव्या दुरुस्तीने गाऊटेंग प्रांतातून नॉर्थ वेस्ट प्रांतात गेलेल्या मेराफाँग या नगरपालिका क्षेत्रातील लोक २००८ मध्ये न्यायालयात हरले. पण खुत्सोंग या वस्तीत दीर्घकाळ आंदोलन चालले, स्थानिक निवडणुकीवर बहिष्कार पडला आणि २००९ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने मेराफाँग परत गाऊटेंगमध्ये आले. म्हणजे जे न्यायालयात जिंकले त्यांना हद्द मिळाली नाही आणि जे हरले त्यांना मिळाली. एकाच देशातली, एकाच दुरुस्तीतून निघालेली ही दोन उदाहरणे भारताशेजारी ठेवली, तर प्रश्न अधिक टोकदार होतो : संविधानातील सल्लामसलतीची तरतूद निर्णय बदलते, की निर्णयाची केवळ पद्धत बदलते? या प्रश्नावर पदव्युत्तर विद्यार्थ्याचा चांगला निबंध उभा राहू शकतो.

दक्षिण आफ्रिकेची निवड करताना एक फरक मात्र सुरुवातीलाच नोंदवावा लागेल. तेथील हे वाद भाषेचे नव्हते. कोणत्या प्रांताचे प्रशासन अधिक चांगल्या सेवा देईल, हा लोकांचा मुख्य विचार होता. त्यामुळे हा देश ‘भाषिक अस्मिता’ या विषयाला उपयोगाचा नाही, ‘हद्दबदलाची प्रक्रिया’ या विषयाला आहे. जर्मनीचे उदाहरण येथे पूरक म्हणून दोन-तीन परिच्छेदांत घेता येईल. तेथील मूलभूत कायद्याच्या (म्हणजे संविधानाच्या) अनुच्छेद २९ नुसार घटकराज्यांच्या पुनर्रचनेला सार्वमताची पुष्टी लागते आणि बर्लिन व ब्रांडेनबुर्ग यांच्या विलीनीकरणालाही सार्वमत घ्यावे लागले. १९९६ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या मतदारांनी ते फेटाळले.

बेल्जियमचे आकर्षण

सीमाभागातील विद्यार्थ्याच्या मनात सहसा सर्वांत आधी बेल्जियम येतो, आणि ते स्वाभाविक आहे. क्षेत्रफळ आणि लोकसंख्या या दोन्ही बाबतींत हा देश बेळगाव जिल्ह्याच्या सुमारे सव्वादोन ते अडीच पट भरेल एवढाच आहे. १९६२ च्या कायद्याने तेथे डच आणि फ्रेंच भाषकांमधील भाषिक सीमा निश्चित झाली आणि १९६३ मध्ये ती लागू झाली. व्हुरेन ही सहा गावे लिएज प्रांतातून लिम्बुर्ग प्रांतात गेली, तर कोमिन आणि मुस्क्रोन ही गावे वेस्ट फ्लँडर्समधून एनो प्रांतात गेली. पुढे व्हुरेनचे फ्रेंच भाषक महापौर जोझे अप्पार यांनी डच भाषेतून कारभार करण्यास नकार दिला, आणि त्या वादात १९८७ मध्ये केंद्रातील सरकार पडले. एका गावच्या महापौराच्या भाषेवरून देशाचे सरकार कोसळते, ही घटना निपाणीच्या वाचकाला फार परकी वाटणार नाही.

तरीही बेल्जियम निवडण्याआधी थांबून विचार करावा. तेथे प्रमाणशीर प्रतिनिधित्व (मतांच्या प्रमाणात जागा) आहे, देशपातळीवरचे पक्ष जवळजवळ सगळेच भाषेनुसार विभागलेले आहेत आणि संविधानाने पंतप्रधान सोडून उर्वरित मंत्रिमंडळात डच व फ्रेंच भाषकांची संख्या समान ठेवणे बंधनकारक केले आहे. भारतात यांपैकी काहीच नाही. एवढे सगळे घटक एकाच वेळी वेगळे असतील, तर दिसणारा परिणाम नेमका कोणत्या घटकामुळे झाला, हे सांगता येत नाही. तौलनिक अभ्यासात देश निवडण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. एका रीतीत बहुतेक बाबींत सारखे असलेले पण परिणामात वेगळे असलेले देश घेतात आणि तो फरक घडवणारा घटक शोधतात. दुसऱ्या रीतीत बहुतेक बाबींत वेगळे असूनही परिणाम सारखाच दिसणारे देश घेतात आणि त्यांच्यातला समान धागा शोधतात. ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या भेदपद्धती आणि साम्यपद्धती यांवर या रीती उभ्या आहेत. बेल्जियम हा भारताशी तुलना करताना दुसऱ्या रीतीतच बसतो, आणि त्या रीतीत तो उत्तम बसतो.

एक उदाहरण देतो. बेल्जियमच्या १९३२ च्या कायद्यात एखाद्या गावात दुसऱ्या भाषेचे लोक ३० टक्क्यांवर असतील, तर नागरिकांशी होणारा कारभार दोन्ही भाषांत करावा, अशी तरतूद होती. भारतात फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये नेमका ३० टक्क्यांचाच निकष सुचवला होता : अल्पसंख्याक भाषा ३० टक्क्यांवर असेल, तर प्रशासनासाठी तो प्रदेश द्विभाषिक समजावा. दोन वेगळ्या देशांत एकच आकडा दिसतो, पण पुढची वाट वेगळी झाली. बेल्जियममध्ये १९४७ च्या भाषिक जनगणनेवरून इतका वाद झाला, की पुढे जनगणनेत भाषा विचारणेच बंद झाले आणि सीमा कायद्याने गोठवली गेली. भारतात जनगणनेत मातृभाषा विचारली जात राहिली, त्यामुळे येथील वाद अजूनही आकड्यांच्या आधारे लढला जातो. भाषेची मोजणी वाद मिटवते की पेटता ठेवते, हा प्रश्न घेणाऱ्याने बेल्जियम अवश्य निवडावा. ‘बेल्जियम आणि बेळगाव : एक तुलना’ असे शीर्षक देणाऱ्याने तो निवडू नये.

परिपत्रकांच्या प्रश्नाला मात्र बेल्जियमपेक्षा फिनलंड अधिक जुळतो. तेथे स्वीडिश भाषक देशाच्या लोकसंख्येच्या ५ टक्क्यांच्या आसपास आहेत. २००३ च्या भाषा कायद्यानुसार एखाद्या नगरपालिकेत अल्पसंख्याक भाषेचे लोक किमान ८ टक्के किंवा किमान ३,००० असतील, तर ती द्विभाषिक ठरते आणि एकदा द्विभाषिक ठरलेली नगरपालिका ६ टक्क्यांच्या आणि ३,००० च्याही खाली गेल्याशिवाय एकभाषिक होत नाही. दर दहा वर्षांनी याचा आढावा घेतला जातो. आपल्याकडे भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांच्या अहवालांतून १५ टक्क्यांचा निकष वारंवार समोर येतो : जिल्हा, तालुका किंवा नगरपालिका क्षेत्रात अल्पसंख्याक भाषेचे लोक १५ टक्के किंवा अधिक असतील, तर महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात. हे आयुक्तपद सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३५०(ब) मधून निर्माण झाले आहे. पण हा निकष प्रशासकीय योजनेचा भाग आहे, तर फिनलंडचा निकष कायद्यात लिहिलेला आहे. हा एकच फरक केंद्रस्थानी ठेवला, तर निबंध सरळ रेषेत चालतो. बेळगाव महापालिकेची किंवा खानापूर तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीची प्रसिद्ध झालेली सूचनापत्रे गोळा करून ती कोणत्या भाषांत आहेत हे नोंदवणे विद्यार्थ्याला सहज जमेल, आणि असे स्वतः जमवलेले साहित्य परीक्षक कधीही नजरेआड करत नाहीत.

शाळेच्या माध्यमाचा प्रश्न घेतला, तर कॅनडाकडे वळावे. तेथील हक्कांच्या सनदेच्या कलम २३ ने इंग्रजी किंवा फ्रेंच अल्पसंख्याक पालकांना आपल्या भाषेतून शिक्षणाचा हक्क दिला आहे, पण तो पुरेशी संख्या असेल तेथेच लागू होतो. १९९० च्या माहे विरुद्ध अल्बर्टा या निकालात न्यायालयाने संख्येनुसार या हक्काची व्याप्ती वाढत जाते, अशी भूमिका घेतली. आपला अनुच्छेद ३५०(अ) प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीचा प्रयत्न करावा, असे सांगतो, आणि २०१४ मध्ये कर्नाटकातील माध्यमविषयक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शासन मातृभाषेचे माध्यम सक्तीने लादू शकत नाही, असा निकाल दिला. तुलना सुंदर आहे, पण फ्रेंच ही कॅनडाची राजभाषा आहे आणि मराठी कर्नाटकात त्या स्थानी नाही, हे विसरून चालणार नाही.

शेजारचा देश आणि गैरसोयीचा देश

ज्याला पहिल्या रीतीने, म्हणजे सारख्या देशांची तुलना करायची आहे, त्याने श्रीलंकेचा विचार करावा. दोन्ही देश ब्रिटिश अमलाखाली होते, दोन्ही देशांनी संसदीय पद्धत स्वीकारली, आणि सार्वत्रिक मताधिकार तर तेथे १९३१ मध्येच आला. १९५६ च्या जूनमध्ये सिलोनने (श्रीलंकेचे तेव्हाचे नाव) सिंहली ही एकमेव राजभाषा ठरवली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये भारताने भाषावार प्रांतरचना अमलात आणली. एकाच वर्षी दोन शेजारी लोकशाह्यांनी भाषेबाबत परस्परविरोधी निर्णय घेतले, यापेक्षा चांगली सुरुवात निबंधाला मिळणे कठीण. फक्त यातला सापळा ओळखला पाहिजे. सिंहली समाज तेव्हा लोकसंख्येच्या सुमारे ७० टक्के होता. भारतात कोणत्याही एका भाषेचे एवढे बहुमत कधीच नव्हते. त्यामुळे सगळे श्रेय संघराज्यात्मक रचनेला देणारा निष्कर्ष कच्चा ठरतो, आणि लोकसंख्येच्या या पर्यायी स्पष्टीकरणाला निबंधात स्वतंत्र जागा द्यावीच लागते.

सीमाभागातील विद्यार्थ्याने आणखी एक कसोटी स्वतःला लावावी, असे मला वाटते : निवडलेला देश आपले मत खोडून काढू शकतो का? आपल्या बाजूला दुजोरा मिळेल असाच देश निवडला, तर तो निबंध सभेतल्या भाषणासारखा होतो. स्वित्झर्लंडचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. बर्न कँटनमधून (कँटन म्हणजे तेथील घटकराज्य) ज्युरा हा नवा कँटन १ जानेवारी १९७९ रोजी वेगळा झाला. त्याआधी १९७४-७५ मध्ये टप्प्याटप्प्याने मतदान झाले आणि शेवटी गावांनाही आपला कल सांगता आला. मूट्ये या गावाने २०२१ मध्ये ज्युराच्या बाजूने कौल दिला आणि १ जानेवारी २०२६ पासून ते तिकडे गेले. खेडे हा घटक धरावा आणि लोकेच्छा विचारावी, असे म्हणणाऱ्याला हा देश जवळचा वाटेल. पण ज्युराच्या दक्षिणेकडील जिल्हेही फ्रेंच भाषकच होते, तरी त्यांनी जर्मन भाषकांचे बहुमत असलेल्या बर्नमध्येच राहणे पसंत केले, कारण ते प्रोटेस्टंट होते आणि उत्तरेकडचे कॅथलिक होते. भाषा एक असली म्हणजे लोकेच्छाही एकच असते, हे गृहीतक येथे मोडते. ज्याची ही अडचण मांडण्याची तयारी आहे, त्याने स्वित्झर्लंड घ्यावा.

साधने, निर्देशांक आणि वेळ

देश कितीही जुळणारा असला, तरी त्याची मूळ कागदपत्रे आपल्याला वाचता येतील का, हे पाहिल्याशिवाय तो पक्का करू नये. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाचे निकाल इंग्रजीत पूर्ण उपलब्ध आहेत, कॅनडाचेही आहेत. बेल्जियम आणि स्वित्झर्लंड यांच्या संविधानांची इंग्रजी भाषांतरे मिळतात, पण तेथील विधिमंडळातील चर्चा आणि वृत्तपत्रे डच, फ्रेंच किंवा जर्मनमध्ये असतात, त्यामुळे विद्यार्थी दुय्यम साहित्यावर अवलंबून राहतो. एका सत्रात निबंध पुरा करायचा असेल, तर माझी पसंती निःसंशय दक्षिण आफ्रिकेला राहील. लघुप्रबंधासाठी वर्षभर हाती असेल, तर फिनलंड किंवा बेल्जियम घ्यायला हरकत नाही.

लोकशाहीचे निर्देशांक पाहून देश निवडण्याची पद्धत अलीकडे रूढ होत आहे. व्ही-डेम शून्य ते एक या मापावर गुण देते, फ्रीडम हाऊस शून्य ते शंभर, तर इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट शून्य ते दहा. या तिन्हींची मापे आणि व्याख्या वेगळ्या असल्याने एका देशाचा आकडा एकीकडून आणि दुसऱ्याचा दुसरीकडून घेणे चूक आहे. त्याहून मोठी अडचण अशी, की हे निर्देशांक सबंध देशाचे मोजमाप करतात आणि जिल्ह्याच्या पातळीवर भाषिक अल्पसंख्याकांना काय मिळते, हे त्यांत दिसत नाही. म्हणून प्रस्तावनेत एखादे वाक्य लिहिण्यापुरताच त्यांचा उपयोग करावा. मतदानाच्या टक्केवारीबाबतही हीच दक्षता हवी. बेल्जियममध्ये मतदान कायद्याने सक्तीचे आहे आणि फ्लँडर्स या डच भाषक प्रदेशाने स्थानिक निवडणुकांपुरती ती सक्ती उठवल्यावर २०२४ मध्ये तेथील मतदान चांगलेच घसरले. अशा आकड्याची भारताच्या ऐच्छिक मतदानाशी थेट तुलना करून नागरिकांच्या जागरूकतेबद्दल काही ठरवता येत नाही.

निवडणूक पद्धतीचा प्रश्न घेणाऱ्याला सीमाभागातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे उदाहरण हाताशी आहेच. २०१८ आणि २०२३ च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकांत समितीला एकही जागा मिळाली नाही. फिनलंडमध्ये स्वीडिश भाषकांचा पक्ष तेवढ्याच लहान समाजाच्या जोरावर संसदेत टिकतो आणि अनेकदा मंत्रिमंडळातही असतो. फरक निवडणूक पद्धतीचा आहे, की समाजातील फुटीचा आणि राष्ट्रीय पक्षांच्या शिरकावाचा, हे शोधण्यासाठी मतदारसंघनिहाय आकडे काढावे लागतील. ते निवडणूक आयोगाकडे उपलब्ध आहेत.

सर्व ठरल्यावर मार्गदर्शकांकडे जाताना एका पानाचे टिपण न्यावे. त्यात प्रश्नाचे वाक्य, निवडलेला देश, त्याच्याशी भारताची कोणती साम्ये गृहीत धरली आहेत, कोणता एक फरक तपासायचा आहे, तुलनेचा घटक देश आहे, राज्य आहे की नगरपालिका, आणि कालखंड कोणता, एवढे असावे. नाकारलेल्या एका देशाचे नाव आणि तो का नाकारला, हेही दोन ओळींत लिहावे, कारण तोंडी परीक्षेत ‘हाच देश का?’ हा प्रश्न हमखास येतो. शीर्षक पुढीलप्रमाणे असू शकते : ‘राज्यांच्या हद्दबदलात लोकसल्लामसलतीचे स्थान : भारत (१९५६ ते १९६०) आणि दक्षिण आफ्रिका (२००५ ते २००९)’. कालखंडाची वर्षे शीर्षकातच घातली, म्हणजे २००४ च्या दाव्यावरील आजच्या वादात न अडकता निबंध आपल्या कक्षेत राहतो.